आमच्या आजाचें नांव कोणाच्या चोपडींत?

दौंड तालुक्यांतील भांडगांवच्या शेतकरी, सुतार, लोहार, कुंभार बंधुभगिनींनो, तुमच्या पणजीचें नांव काय, असें विचारलें तर किती घरांतून उत्तर येईल? बांध वीतभर सरकला तर आम्ही कोर्टाची पायरी चढतों. पण ज्यांनीं तो बांध घातला त्यांचीं नांवें आमच्या घरांत नाहींत. नाशिक-त्र्यंबकास अस्थि घेऊन जो गेला, त्यानें बापाचें नांव तीर्थोपाध्यायाच्या नामावळींत लिहविलें, वर दक्षिणा दिली आणि रिकाम्या हातानें घर गांठलें! जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापून देव व माणूस यांमधला दलाल दूर करा म्हणून सांगितलें. मग आजा व नातू यांमध्यें दलाल कशाला?

वरच्या वर्गानें हें केव्हांच ओळखलें. त्यांनीं आडनांवावार कुलमंडळें काढिलीं, वर्गणी जमविली, घरोघरची माहिती मागविली आणि जाडजूड कुलवृत्तांत छापिले. अमेरिकेंत बोस्टन शहरीं तर १८४५ सालींच वंशशोधकांचें मंडळ निघालें.

आणि आम्ही? २०२३ सालीं कुणबी नोंदी शोधण्यास सरकारनें न्यायमूर्ति शिंदे समिति नेमिली, तेव्हां मोडी वाचणारांस आम्ही धुंडूं लागलों. नोंद सांपडली तरी तो कुणबी आपलाच पणजा, हें वंशावळीवांचून सिद्ध होईना!

म्हणून गांवांत वंशावळ-मंडळ काढा. शाळेचें जुनें रजिस्टर, गांव नमुना १४ मधील जन्ममृत्यु, जमिनीचे फेरफार यांच्या नकला घ्या. म्हातारींकोतारीं सांगतील तें लिहून ठेवा. गांवकुसाबाहेर ज्यांना ठेविलें त्यांच्या घरांपासून आरंभ करा.

पण पैसे घेऊन सूर्यवंशाचें शेपूट जोडणारा भाट दारांत उभा करूं नका. घाम गाळणारा आजा लपविण्याजोगा नाहीं. आणि लेकीसुनांचीं नांवें गाळूं नका. २००५ च्या कायद्यानें हिंदु कुटुंबांतील लेकीस वडिलोपार्जित मिळकतींत मुलाइतकाच हक्क दिला आहे. वंशावळींतून बहिणीचें नांव खोडणाऱ्या भावानें भिक्षुकशाहीस नांवें कोणत्या तोंडानें ठेवावीं?

वही आजच आणा. म्हातारीं माणसें आहेत तोंवर त्यांना विचारा. सत्यमेव जयते!