एका मुलीसाठी थांबणारी गाडी : खरी गोष्ट कोणती?



आपल्या परिपाठात बोधकथा सांगतात. त्यात जपानमधल्या एका स्थानकाची गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकायला मिळते. एका मुलीच्या शाळेसाठी रेल्वेने अख्खे स्थानक चालू ठेवले आणि तिचे शिक्षण संपताच ते बंद केले! गोष्ट गोड आहे, टाळ्याही पडतात. पण ती पूर्ण खरी नाही. खरी गोष्ट आपल्या अधिक उपयोगाची आहे, असे माझे मत आहे.

जपानच्या उत्तरेला होक्काइदो हे बर्फाळ बेट आहे. तेथे आसाहिकावा ते आबाशिरी या मार्गावर शिराताकी, म्हणजे 'शुभ्र धबधबा', नावाचे गाव आहे. आपल्याकडे बुद्रुक आणि खुर्द असते, तशी तेथे कामी (वरचे), क्यू (जुने) आणि शिमो (खालचे) शिराताकी अशी स्थानके होती. क्यू-शिराताकी १९४७ साली तात्पुरता थांबा म्हणून सुरू झाले आणि १९८७ मध्ये, सरकारी रेल्वेची विभागणी झाली तेव्हा, त्याला स्थानकाचा दर्जा मिळाला. तेथे स्टेशनमास्तर नव्हता, तिकीट खिडकी नव्हती. अशा ठिकाणी गाडीत चढताना आकडा छापलेली चिठ्ठी घ्यायची आणि उतरताना चालकाजवळच्या पेटीत पैसे टाकायचे, अशी रीत आहे.

जानेवारी २०१६ मध्ये ही गोष्ट जगभर पसरली, ती चुकीच्या नावासह. सर्वांनी कामी-शिराताकी म्हटले, पण ती विद्यार्थिनी क्यू-शिराताकीहून जात असे. त्या गाडीने इतर स्थानकांवरचे विद्यार्थीही जात. स्थानक बंद करण्याचे कारण होते प्रवाशांची कमतरता. रेल्वेचे वेळापत्रक दरवर्षी मार्चमध्ये बदलते आणि तेथील शालेय वर्षही मार्चमध्येच संपते. २६ मार्च २०१६ पासून कामी, क्यू आणि शिमो ही तिन्ही स्थानके बंद झाली. त्याच दिवशी होक्काइदोत पहिली बुलेट ट्रेन धावली! त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रेल्वे कंपनीने जाहीर केले की, सुमारे १,२३७ किलोमीटरचे मार्ग, म्हणजे जवळजवळ निम्मे जाळे, एकट्याने चालवणे तिला शक्य नाही. आज कामिकावा सोडल्यावर पुढचे स्थानक शिराताकी, तब्बल ३७.३ किलोमीटरवर.

यात खलनायक कोणी नाही. रिकामे डबे किती वर्षे चालवायचे, हा कंपनीचा प्रश्न रास्त आहे. थंडीत पहाटे उठून शाळेला निघणाऱ्या मुलीला मात्र ते स्थानक म्हणजे शिक्षणाची वाट होती, हेही तितकेच खरे. गोड गोष्ट आपल्याला फक्त रेल्वेचे कौतुक करायला लावते. खरी गोष्ट विचारते, एकच विद्यार्थिनी उरेपर्यंत बाकीचे कुठे गेले? तरुण शहरात गेले, घरे रिकामी झाली, मुले कमी झाली. शेवटी लांबून लोक फोटो काढायला आले, तोवर निर्णय होऊन गेला होता.

महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा चालवणाऱ्या आपल्याला हे वेगळे सांगायला नको. शाळा बंद पडल्यावर डोळे भरून येणारे माजी विद्यार्थी पुष्कळ भेटतात. पण शाळा डोळ्यांतल्या पाण्यावर चालत नाही, ती पटावर चालते. म्हणून दोन विनंत्या. मुलांनो, बोधकथा सांगण्याआधी ती खरी आहे का, हे शिक्षकांना विचारा आणि ठिकाण व साल यांसह सांगा. विश्वस्तांनी दरवर्षी इयत्तावार पटसंख्या याच पत्रिकेत छापावी. आकडा वाढला तर आनंदच, घटला तर वेळेवर कळेल. पटावर शेवटचे एक नाव उरेपर्यंत वाट पाहण्यात शहाणपण नाही.