हिरव्या टोपीचा धंदा

पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळाली पाहिजे. हे उपकार नाहीत, तेल कंपन्यांनी पंपांना घालून दिलेल्या नियमांतच ते आहे. पण आमच्याकडे काय दिसतं? हवेचं मशीन "बंद आहे", गेज फुटलेलं, पोरगा जेवायला गेलेला. शेजारचं नायट्रोजनचं मशीन मात्र ठणठणीत, आणि चाकामागे पैसे घ्यायला माणूस हजर.

अहो, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो!

फायदा अजिबात नाही असं नाही. नायट्रोजन जरा हळू झिरपतो. किती हळू? अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्सने ३१ प्रकारचे टायर वर्षभर ठेवून मोजले. साधी हवा ३.५ पीएसआय उतरली, नायट्रोजन २.२. म्हणजे वर्षभरात फरक १.३ चा. आणि नायट्रोजनही उतरतोच, हे कोणी सांगत नाही.

मग येतं ठरलेलं वाक्य, "विमानात पण नायट्रोजनच असतो." असतो ना. विमानाचे ब्रेक भयंकर तापतात, टायरमध्ये ऑक्सिजन असेल तर स्फोट होऊ शकतो. १९८६ साली मेक्सिकोत साधी हवा भरलेला टायर उड्डाणानंतर फुटून विमान पडलं, १६७ माणसं गेली. तुमच्या वॅगनआरचा त्याच्याशी काय संबंध?

२०१९ मध्ये गडकरी साहेबांनी राज्यसभेत नायट्रोजन सक्तीचा करण्याचा विचार असल्याचं सांगितलं होतं. हेतू चांगला, पण रोग वेगळाच आहे. हवा कमी असली की टायरची बाजू सारखी दुमडते, तापते, आणि समृद्धीवर १२० ने पळवताना फुटते. वर ओव्हरलोड आणि गुळगुळीत टायर. त्यावर कुठला गॅस काय करणार?

पैशापेक्षा मला राग आहे तो एका थापेचा. हिरवी टोपी बसवली की सांगतात, "आता यात साधी हवा मारायची नाही, मिक्स चालत नाही." साफ खोटं. बिनधास्त चालतं. पण लोक घाबरून रस्त्यातला पंक्चरवाला सोडतात आणि बायकापोरांना घेऊन कमी हवेवर नायट्रोजनवाला शोधत पुढे जातात.

लांब निघण्याआधी टायर थंड असताना, दाराजवळच्या स्टिकरवरच्या आकड्याइतकी हवा भरा. स्टेपनीतसुद्धा. मशीन बंद म्हणाले तर तक्रार वही मागा आणि लिहा. आपल्या भागात कुठल्या पंपावर फुकट हवा खरंच मिळते ते खाली सांगा, मी यादी करतोय.