भाषांतरित मोजपट्टी

तान्ह्या मुलांच्या हालचालींचा विकास तपासणाऱ्या कसोट्या बहुतांशी इंग्रजीत सिद्ध झाल्या. त्यांतील शब्द बदलले की काम संपले, हा समज घातक आहे. पोटावर सरपटणे आणि हातागुडघ्यांवर रांगणे या दोहोंसाठी इंग्रजीत पुष्कळदा एकच क्रियापद चालते. मराठी आई मात्र त्यांत भेद करते. प्रश्नच संदिग्ध असेल तर उत्तर विश्वसनीय कसे ठरावे? ज्या घरात जिना नाही, तेथील मूल पायऱ्या चढत नाही म्हणून ते मागासले असे कोणी म्हणावे?

बडोद्यात डॉ. प्रमिला फाटक यांनी नॅन्सी बेली यांच्या कसोट्या भारतीय बालकांवर नव्याने प्रमाणित केल्या. त्यांत हालचालींचे ६७ घटक आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या, भारतासह पाच देशांतील पाहणीत आधाराविना चालू लागण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने आढळला. सुमारे चार टक्के मुले रांगलीच नाहीत.

सदोष प्रश्नामुळे निरोगी मुलाच्या आईस विनाकारण घोर लागतो आणि ज्यास उपचार हवेत त्याचे मोलाचे महिने वाया जातात. म्हणून प्रत्येक भाषांतर आधी आयांपुढे वाचून पारखावे, येथल्या मुलांवर प्रमाणित करावे आणि मगच दवाखान्यात न्यावे.