पेटंटच्या पैशातली फेलोशिप

गेल्या महिन्यात कोलकात्यातल्या एका सेमिनारमध्ये एका प्राध्यापकांनी आम्हा संशोधकांना तोडगा सांगितला: सरकारकडे किती दिवस हात पसरणार? विद्यापीठांनी औषधांचे हक्क विकावेत, त्यातून फेलोशिप द्यावी. उदाहरण लॉस एंजेलिसच्या यूसीएलएचं. टाळ्या पडल्या.

उदाहरण खरं आहे. प्रोस्टेट कॅन्सरवरचं एन्झालुटामाइड हे औषध तिथे शोधलं गेलं, त्यात अमेरिकी करदात्यांचाही पैसा होता. २०१६ मध्ये त्याच्या रॉयल्टीचे हक्क १.१४ अब्ज डॉलरला विकले गेले. विद्यापीठाच्या वाट्याला सुमारे ५२ कोटी डॉलर आले. त्यातून संशोधन, शिष्यवृत्त्या, फेलोशिप देऊ असं जाहीर झालं. पुढचं मात्र प्राध्यापकांनी गाळलं. त्याच वर्षी भारताच्या पेटंट कार्यालयाने या औषधाला पेटंट नाकारलं आणि त्यानंतर विद्यापीठ दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. पेटंट मिळालं असतं तर इथली स्वस्त गोळी अडली असती. म्हणजे तिकडची फेलोशिप कुणाच्या खिशातून? परळच्या टाटा हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर झोपणाऱ्या आपल्याच एखाद्या काकांच्या.

आणि हे सांगायला शहर निवडलं कोलकाता! १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांत कॉलरा पसरला, तेव्हा इथल्याच डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या छावणीत मीठ, ग्लुकोज आणि खायच्या सोड्याच्या पाण्याने हजारोंना वाचवलं. ओआरएसमधून फेलोशिप निघाली नाही. लेकरं जगली.

शिवाय विकायचं काय? मी जूट मिलमधल्या कामगारांच्या जातीवर लिहितेय. त्याचं लायसन्स कोणती कंपनी घेईल?

नेट नसलेल्या पीएचडीवाल्याला केंद्रीय विद्यापीठात महिना ८,००० रुपये, तेही वर्षानुवर्षे तेवढेच. माझी स्वतःची फेलोशिप मागच्या वर्षी सात महिने रखडली. मेसचं बिल आईने बचत गटातून कर्ज काढून पाठवलं. बाबासाहेबांनी व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वर्षाला तीन लाख रुपये मंजूर करून घेतले, ते सरकारी तिजोरीतून. कुणाच्या नफ्यातलं उरलंसुरलं त्यांनी मागितलं नव्हतं.

औषधातून पैसा येत असेल तर येऊ द्या. पण आधी करारात लिहा: गरीब देशांत जेनेरिक अडवणार नाही. त्या फेलोशिपमध्ये एससी, एसटी, ओबीसींचं आरक्षण राहील, सामाजिक शास्त्रांसह. आणि या पैशाकडे बोट दाखवून सरकारने अनुदानाचा एक रुपयाही कापायचा नाही.

हे मी तिथेच उभं राहून विचारलं. वेळ संपली, असं म्हणून चहा जाहीर झाला.