सामोआतील सहावी खुर्ची

स्त्रियांसाठी म्हणून निर्माण केलेल्या राखीव जागेच्या आडोशाने एका स्त्रीचाच पंतप्रधानपदाचा मार्ग रोखावा, ही कल्पना एखाद्या नाटककाराने रंगभूमीवर आणली असती तर प्रेक्षकांनी ती अतिरंजित ठरविली असती. पॅसिफिक महासागरातील सामोआ या चिमुकल्या राष्ट्रात २०२१ साली नेमके हेच घडले. सुमारे दोन लाख लोकवस्तीच्या या देशाचे राजकारण आमच्या वाचकांच्या नित्याच्या चिंतेचा विषय नसेल. परंतु विधिमंडळात स्त्रियांना स्थान कसे द्यावे, हा प्रश्न ज्या ज्या देशापुढे आहे त्या प्रत्येकाने हे प्रकरण मुळापासून समजून घेण्यासारखे आहे.

मुळापासून म्हणजे ‘मताई’ या संस्थेपासून. मताई म्हणजे विस्तारित कुळाचा पदवीधारी प्रमुख. १९६२ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा अल्पशा अपवादाखेरीज मताधिकारही या मताईंपुरताच होता. १९९० च्या सार्वमताने तो सर्व प्रौढांना मिळाला; उमेदवारी मात्र मताईंसाठीच राहिली. कायदा स्त्रीला मताई होण्यास मनाई करीत नाही. पण कुळे ही पदवी बहुधा पुरुषालाच देतात, आणि काही गावे तर स्त्री-मताईला मानीतच नाहीत. शिवाय उमेदवाराने गावाची रूढ सेवा, म्हणजे ‘मोनोतागा’, काही वर्षे अखंड बजावलेली असावी लागते. लग्न होऊन नवऱ्याच्या गावी राहणाऱ्या स्त्रीने ही सेवा कोणत्या गावात आणि कोणत्या नात्याने बजावावी?

या दरवाजाला हात न लावता २०१३ साली घटनादुरुस्ती झाली. विधानसभेत किमान दहा टक्के स्त्रिया असाव्यात, आणि निवडणुकीत तितक्या आल्या नाहीत तर पराभूत स्त्री-उमेदवारांपैकी सर्वाधिक टक्के मते मिळविणारीला जादा जागा देऊन आत घ्यावे, अशी ती योजना. सभासद ४९; त्यांचे दहा टक्के ४.९, म्हणून कायद्यात ‘सध्या पाच’ असा आकडाही घालण्यात आला. कोणाही पुरुषाची खुर्ची यात जात नव्हती. सुधारणा निर्विघ्नपणे पार पडली याचे रहस्य आमच्या मते तेच आहे. २०१६ साली चार स्त्रिया निवडून आल्या, पाचवी नियमाने आली, आणि कोणाची तक्रार राहिली नाही.

पुढे सभासदसंख्या ५१ झाली आणि दशांश चिन्हाने घात केला. ९ एप्रिल २०२१ च्या निवडणुकीत चार दशके सत्तेवर असलेल्या मानवाधिकार संरक्षण पक्षाला २५ जागा मिळाल्या, फियामे नाओमी माताआफा यांच्या नव्या ‘फास्ट’ पक्षालाही २५, आणि एक अपक्ष. स्त्रिया पाच निवडून आल्या. पण ५१ चे दहा टक्के ५.१ होतात, तेव्हा पाच पुरेशा नाहीत, सहावी हवी, असे निवडणूक आयुक्तांनी ठरविले आणि ती जागा सत्ताधारी पक्षाच्या एका पराभूत उमेदवाराकडे गेली. अपक्षाने फियामे यांना पाठिंबा दिला तेव्हा बळ २६ विरुद्ध २६ असे समसमान झाले होते. राष्ट्रप्रमुखांनी फेरनिवडणूक पुकारली. सर्वोच्च न्यायालयाने १७ मे रोजी सहावी जागा आणि फेरनिवडणूक दोन्ही रद्द ठरविल्या. तरीही २४ मे रोजी सभासद विधानसभेपाशी पोहोचले तेव्हा दारांना कुलूप होते. फियामे यांनी बाहेरच्या तंबूत शपथ घेतली. ती वैध असल्याचा निर्णय अपील न्यायालयाने २३ जुलैला दिला.

याच अपील न्यायालयाने २ जून रोजी असेही म्हटले होते की किमान संख्या सहाच आहे. परंतु जादा जागा भरावयाची ती निवडणूक अर्ज व पोटनिवडणुका आटोपल्यानंतरच. म्हणजे सहावी खुर्ची खोटी नव्हती, ती अवेळी मांडली गेली होती. आमच्या २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने स्त्रियांना एक तृतीयांश जागा देताना अंमल जनगणना व मतदारसंघ-पुनर्रचनेवर सोपविला, हे ज्यांना किरकोळ तपशील वाटले त्यांनी या निकालाचा विचार करावा. राखीव जागा किती, याइतकेच ती केव्हा लागू होणार यालाही महत्त्व असते. आणि ती वेळ संदिग्ध राहिली की तिचा अर्थ ज्याच्या हाती सत्ता आहे तो लावतो.

सामोआची योजना सर्वस्वी फसली असे मात्र आम्ही म्हणणार नाही. शेजारच्या वानुआतूत २०१२, २०१६ आणि २०२० या तिन्ही सार्वत्रिक निवडणुकांत एकही स्त्री निवडून आली नाही. तेथे असा किमान नियम असता तर सभागृह इतके एकांगी राहिले नसते. आमची हरकत निराळी आहे. नियमाने आत येणारी स्त्री ही मतदारांनी नाकारलेली आणि मतदारसंघ नसलेली सभासद असते. पुढल्या निवडणुकीत तिला पुन्हा त्याच दरवाजापाशी उभे राहावे लागते. फियामे या नियमाने आलेल्या नव्हेत. त्या देशाच्या पहिल्या पंतप्रधानांच्या कन्या, स्वतः मताई, आणि १९८५ पासून निवडून येणाऱ्या. त्यांच्याजवळ जे होते ते साध्या घरच्या शिक्षिकेला किंवा परिचारिकेला कोठून मिळावे?

पक्षात फूट पडून मे २०२५ मध्ये अंदाजपत्रकावर त्यांचा पराभव झाला आणि ऑगस्टच्या निवडणुकीनंतर सत्ता त्यांच्याच पूर्वीच्या सहकाऱ्याकडे गेली. लोकशाहीत हे व्हावयाचेच. त्या निवडणुकीतही उमेदवारी अर्जासाठी मताई पदवीची अट पूर्वीप्रमाणेच कायम होती.