कुपीवर लिहिलंय, माणसांसाठी नाही

जिममध्ये सध्या सगळ्यांत स्वस्त झालेला शब्द म्हणजे ‘जपून’. पेप्टाइड घ्यायचं, पण जपून. मला फिट्स येतात हे तिथल्या ज्या दोघा-तिघांना माहीत आहे, ते तर जास्तच मायेनं सांगतात, “तू निम्म्या डोसनं सुरू कर.” माझं भांडण या ‘निम्म्या’शी आहे. निम्मं कशाचं?

कुपीत चिमूटभर पांढरी भुकटी असते. लेबलावर छापलेलं असतं, ‘केवळ संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही’. म्हणजे विकणाऱ्यानंच हात वर केलेत. आत लिहिलंय तेच आहे का, तेवढंच आहे का, निर्जंतुक आहे का, हे बघणारं कुणी नाही. जो आकडाच माहीत नाही त्याचं निम्मं केलं, तर हातात काय येतं? सातवीतल्या पोरालाही सांगता येईल.

मी पेप्टाइडविरोधी नाही. असं असणं म्हणजे भाजीविरोधी असण्यासारखं आहे. इन्शुलिन पेप्टाइडच आहे, ५१ अमिनो आम्लांचं. तान्ह्या बाळांना होणाऱ्या अपस्माराच्या एका वाईट प्रकारात, वेस्ट सिंड्रोममध्ये, डॉक्टर एसीटीएच हे हार्मोन टोचतात, तेही पेप्टाइड. म्हणजे एक पेप्टाइड फिट थांबवतं, आणि दुसरं, इन्शुलिन, जास्त झालं तर रक्तातली साखर पाडून फिट आणतं. म्हणून ‘पेप्टाइड सेफ असतात, शरीरातच तर असतात’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. शरीरात पित्तही असतं.

माझा खांदा वर्षभर दुखतोय, म्हणून मला सगळ्यांत जास्त आग्रह होतो तो बीपीसी-१५७ चा. पंधरा अमिनो आम्लांची साखळी. तिच्यावरचं बरंचसं काम उंदरांवर झालंय, त्यातलं पुष्कळसं क्रोएशियातल्या झाग्रेबच्या एकाच गटाचं. माणसांवरचे अभ्यास अगदी मोजके आणि छोटे. २०२२ पासून ‘वाडा’च्या बंदी-यादीत तिचं नाव आहे. २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं तिला सुरक्षिततेबद्दल गंभीर शंका असलेल्या पदार्थांच्या गटात टाकलं. यावर उत्तर तयार असतं : उंदरांच्या काही प्रयोगांत तिनं झटके कमीच झाले की! झाले असतील. पण त्याच संशोधनात ती डोपामिन-सेरोटोनिनच्या यंत्रणेवर परिणाम करते असंही म्हटलंय. म्हणजे खांद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा हात मेंदूपर्यंत पोचतो. ही बातमी ऐकून मी पेढे वाटू का?

जपणं कसं दिसतं ते बघायचं तर सेरेब्रोलायसिन घ्या. डुकराच्या मेंदूपासून बनवलेलं पेप्टाइडांचं मिश्रण, भारतातही मिळतं. त्याच्या माहितीपत्रकात, अपस्मार असेल तर देऊ नये, असं स्पष्ट लिहिलंय. ते औषध किती चांगलं यावर वाद घालू शकता. पण कुणीतरी माझ्यासारख्यांचा विचार केला आणि तो कागदावर उतरवला. भुकटीच्या कुपीसोबत कागदच येत नाही.

आणि आपल्या आजाराची एक गोची बाकीच्यांच्या लक्षातच येत नाही. फिट यायला कारणं ढीगभर : एक गोळी चुकली, रात्रभर जागरण, ताप. अस्वच्छ इंजेक्शननं ताप येऊ शकतो. वजनासाठी घेतल्या जाणाऱ्या सेमाग्लुटाइडनं (ते मान्यताप्राप्त औषध आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतं) मळमळ-उलटी होऊ शकते, आणि उलटीत सकाळची फिटची गोळी बाहेर पडली तर ती घेतलेली की चुकलेली? अशात मला फिट आली, तर दोष कुपीचा की जागरणाचा, हे कुणाला कळणार? जिममधला दुसरा मुलगा ‘घेऊन बघतो’ आणि त्याला निदान काहीतरी दिसतं. मी घेऊन बघितलं तर मला काहीच दिसणार नाही. आणि ती फिट जिन्यावर आली तर बघायला मी असेनच असंही नाही.

मग आपल्यातली मुलं-मुली हे घेतात का? घेतात, आणि का घेतात ते मला पक्कं कळतं. गोळ्यांनी कुणाचं वजन वाढतं, कुणाला दिवसभर पेंग येते. हे डॉक्टरांना सांगितलं की उत्तर येतं, “फिट्स बंद आहेत ना? मग झालं.” दहाव्या मिनिटाला पुढचा पेशंट आत. बाहेर समाज अजून कांदा आणि चप्पल घेऊन उभाच आहे. हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराची अट १९९९ साली गेली. स्थळ बघणाऱ्यांच्या मनातून ती कुठे गेलीय? माझी मावशी आजही आईला सांगते, “एवढं बोलायची काय गरज आहे?” लहानपणापासून लपवायलाच शिकवलेलं पोर डॉक्टरपासून कुपी लपवणार नाही तर काय? जिमला फिट्स माहीत नाहीत, न्यूरॉलॉजिस्टला कुपी माहीत नाही, आणि मधोमध बावीस वर्षांची मुलगी सिरिंजवरच्या रेघा मोजतेय. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅममध्ये हजारपटीचा फरक असतो.

म्हणून ‘जपून’ म्हणणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच : तो शब्द डोसला लावू नका, बोलण्याला लावा. काही घेत असाल, घ्यायचं मनात असेल, तर कुपीचा फोटो काढा आणि तुमच्या न्यूरॉलॉजिस्टपुढे धरा. ओरडा बसेल, बसू दे. फिटच्या गोळ्या मात्र कुणाच्याही सांगण्यावरून स्वतःहून कमी करू नका. आणि डॉक्टरहो, तुम्हीही विचारा ना. “आणखी काय घेतेस?” या प्रश्नाला पाच सेकंद लागतात. मला सहा वर्षांत तो एकदाही विचारला गेलेला नाही. गेल्या खेपेला मीच विषय काढला. त्यांनी पेन खाली ठेवलं, माझ्या मोबाइलवरचं लेबल दोन बोटांनी मोठं करून वाचलं आणि खांद्यासाठी फिजिओथेरपिस्टची चिठ्ठी लिहून दिली.