जोखीम कोणाच्या माथी?

गुहागर तालुक्यातील हेदवी हे गाव दशभुज गणेशाच्या मंदिरामुळे आणि बामणघळीमुळे प्रवाशांना ठाऊक आहे. बांधकामाच्या अर्थकारणाचा विचार करणाऱ्यानेही तेथे थोडे थांबावयास हरकत नाही. या किनारपट्टीवर घर बांधणारा माणूस दिवाळीनंतर पाया खणतो आणि मृगापूर्वी छप्पर चढविण्याची धडपड करतो. पुष्कळदा चिरा, वाळू व सिमेंट मालकाने आणावयाचे आणि गवंड्याने मजुरीवर काम करावयाचे, असा व्यवहार ठरतो. त्यात मोठे शहाणपण आहे. सिमेंटचा भाव चढला तर तो भार मालक उचलतो, कारण गवंड्याला तो पेलणारा नसतो. भिंत ओळंब्यात नसेल तर ती उतरवून पुन्हा रचणे मात्र गवंड्याकडे. जे ज्याला आवरता येते, त्याचा धोका त्याने पत्करावा, अशी ही वाटणी आहे.

त्याच तालुक्यात उत्तरेस अंजनवेल येथे उभ्या राहिलेल्या दाभोळ वीज प्रकल्पात नेमकी हीच वाटणी चुकली. एन्रॉन, जनरल इलेक्ट्रिक व बेक्टेल या अमेरिकन कंपन्यांनी हाती घेतलेल्या या प्रकल्पाचा वीजखरेदी करार डिसेंबर 1993 मध्ये राज्य वीज मंडळाशी झाला. स्पर्धात्मक निविदा मागविल्या गेल्या नाहीत. विजेचा दर डॉलरशी व इंधनाच्या किंमतीशी निगडित होता, आणि वीज उचलली नाही तरी मंडळाला स्थिर आकार भरावाच लागणार होता. रुपया घसरला, नाफ्था महागला, मागणी अपेक्षेपेक्षा कमी निघाली, तरी या तिन्ही गोष्टींचा भार मंडळावर, म्हणजे अंती ग्राहकावर व करदात्यावर! 1993 साली सुमारे 31 रुपयांना मिळणारा डॉलर 2001 मध्ये 46 रुपयांच्या वर गेला होता.

ऑगस्ट 1995 मध्ये राज्य सरकारने प्रकल्प रद्द केला, पुढे वाटाघाटी होऊन काम पुन्हा सुरू झाले आणि 1999 मध्ये पहिल्या टप्प्याची वीज मिळू लागली. 2001 मध्ये उत्पादन थांबले. दुसरा टप्पा बव्हंशी बांधून झालेला असतानाच काम सोडावे लागले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात एन्रॉननेच दिवाळे काढले. ना पावसाने घात केला, ना जांभ्या जमिनीने. यंत्रे उत्तम होती. घात केला तो करारपत्राने. ज्या करारात एका पक्षाला काहीच गमवावे लागत नाही तो भक्कम असतो, ही समजूत फसवी आहे. दुसऱ्या पक्षाला तो असह्य झाला की तो मोडतो, आणि मग सुरक्षित पक्षाचेही भांडवल अडकून पडते.

याउलट कोकण रेल्वेच्या वाट्याला निसर्गाचे धोके कितीतरी अधिक आले. नव्वदहून अधिक बोगदे, पानवल नदीवरचा सुमारे 64 मीटर उंचीचा पूल, पेडण्याच्या बोगद्यातील ढासळती माती, शिवाय गोव्यातील मार्गाचा वाद. 1990 मध्ये स्थापन झालेल्या महामंडळाने ठरविलेली मुदत टळली आणि खर्चही वाढला, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि 26 जानेवारी 1998 रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. निर्णयाचे अधिकार एका ठिकाणी होते आणि जमिनीखाली निघालेल्या अनपेक्षित अडचणींचा भार महामंडळाने स्वतः उचलला. मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण मात्र 2011 पासून ठेकेदार बदलत आणि मुदती वाढवीत रेंगाळले. ऑक्टोबर 2023 मध्ये चिपळूणच्या बांधकामाधीन उड्डाणपुलाचा भागही कोसळला.

प्रश्न केवळ प्रचंड प्रकल्पांचा नाही. शाळेच्या दोन खोल्यांचे कामही याच कसोटीवर पाहावे लागेल. आर्थिक वर्ष संपता संपता, मार्चअखेरीस कार्यादेश निघाला, तर कोकणातील ठेकेदाराच्या हाती पावसापूर्वी जेमतेम दोन महिने उरतात. मग तो पाया घाईने भरतो, किंवा मुदतवाढीचा अर्ज करतो. पाऊस लांबविणे त्याच्या हाती नाही. आदेश आश्विनात काढणे मात्र कचेरीच्या हाती आहे. विलंबाचा दंड तेवढा ठेकेदाराच्या नावे लिहिला जातो. हेदवीचा गवंडी असे काम पत्करताना दर आधीच वाढवून सांगेल, आणि त्यात त्याचे काहीच चुकणार नाही.